अंघोळ घालताना डोळे उघडे ठेवू या

हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐकलंत तरी चालेल. आज आम्ही जे सांगणार आहोत ते कामाच्या हातांसाठीच आहे.

आम्ही म्हणजे आमच्या गावातल्या आणि शेजारच्या दोन वाड्यांतल्या बचत गटांच्या बायका. आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी आजारी आहे. कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाचा सासरा लकव्याचा, कुणाची बाळंतीण लेक माहेरी आलेली, कुणाच्या आईला साखरेचा आजार. या सगळ्यांना अंघोळ कोण घालतं? वेणी कोण घालतं? नखं कोण काढतं, लुगडं कोण बदलतं? आपणच. डॉक्टर आजाऱ्याला पाच मिनिटं बघतात. आपण त्याच अंगाला दिवसातून दहा वेळा हात लावतो. पण हात लावणं वेगळं आणि बघणं वेगळं.

दवाखान्यातल्या नर्सबाईंना आजाऱ्याची कातडी, केस आणि नखं डोक्यापासून पायापर्यंत बघायला शिकवतात. त्याला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. उजेड लागतो, स्वच्छ हात लागतात आणि लक्ष लागतं. आम्ही आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरांना गटाच्या दोन बैठकींना बोलावलं आणि हे शिकवा म्हटलं. त्या म्हणाल्या, "शिकवते. पण एक लक्षात ठेवा, तुम्हाला डॉक्टर व्हायचं नाही. तुमची कामं तीन. बघायचं, लक्षात ठेवायचं आणि वेळेवर सांगायचं." तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी उजेड, आधी परवानगी

अंग बघायचं ते दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली कावीळ दिसत नाही आणि हिरव्या-निळ्या पडद्याच्या खोलीत सगळेच आजारी दिसतात. खिडकी उघडा किंवा पडवीत आडोसा करा.

दुसरी गोष्ट, आजारी माणूस म्हणजे सामान नव्हे. म्हाताऱ्या सासूलाही लाज असते. "आत्या, पाठ बघू का?" असं विचारून मग पदर बाजूला करायचा. जेवढं बघायचं तेवढंच उघडं ठेवायचं, बाकी झाकून ठेवायचं. दार लावून घ्यायचं.

तिसरी गोष्ट आपले हात. साबणाने धुतलेले आणि नखं कापलेली हवीत. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली असते. उचलताना आपल्या बांगड्या लागल्या तरी फाटते. बांगड्या काढायच्या नसतील तर वर सरकवून त्यांवर फडकं गुंडाळा.

रंग काय सांगतो

आपल्याकडे कुणी सावळं, कुणी काळंभोर, कुणी गोरं. पुस्तकात लिहिलेलं असतं "त्वचा फिकट पडते, लाल होते". सावळ्या अंगावर ते सहज कळत नाही. म्हणून अंगाच्या ज्या जागी रंग झाकलेला नसतो तिथे बघायचं. खालची पापणी हळूच ओढून आतला भाग, ओठाची आतली बाजू, जीभ, तळहात आणि नखं.

हे भाग पांढुरके दिसले तर रक्त कमी असण्याची शक्यता. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. म्हणजे आपल्या बैठकीत वर्तुळात बसलेल्या दोघींपैकी एक. पण ध्यानात ठेवा, डोळ्यांनी अंदाज येतो, आकडा येत नाही. आकडा हिमोग्लोबिनच्या तपासणीनेच कळतो. बाईचं १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात. ७ च्या खाली असेल तर ते धोक्याचं.

डोळ्याचा पांढरा भाग पिवळा दिसला तर कावीळ. नव्या बाळाला थोडी कावीळ पुष्कळदा होते आणि जाते. पण पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं दिसलं, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर "कोवळं ऊन दाखवू" म्हणून घरी बसायचं नाही. लगेच दवाखाना.

ओठ, जीभ, नखं निळसर-जांभळी पडली तर शरीराला प्राणवायू कमी पडतोय. तिथे विचार करत बसायचं नाही. १०८ नंबरला फोन.

तापाच्या माणसाच्या अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर बोटाने दाबून बघा. दाबल्यावर गेले नाहीत तर कातडीखाली रक्त साकळलंय. डेंग्यूसारख्या आजारात असं होतं. त्याच दिवशी दाखवायचं.

आणि एक खूण पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत विसरू नका. आपण गवतात, धुऱ्यावर, झुडपांत काम करतो. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किडीची पिल्लं चावतात आणि स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली होती. चावल्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते, जणू विडीचा चटका बसलाय. दुखत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेपाशी ती लपलेली असते. औषध वेळेवर मिळालं तर हा ताप उतरतो, उशीर झाला तर जिवावर बेततं. म्हणून तापाच्या माणसाचं अंग पुसताना या जागा बघाच, आणि खपली दिसली तर डॉक्टरांना आपण होऊन दाखवा.

हाताला काय कळतं

ताप बघायचा तो हाताच्या पालथ्या बाजूने. आपला तळवा काम करून करून राठ झालेला असतो, त्याला नीट कळत नाही.

जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालंय का, हे चिमटीने कळतं. लहान मुलाच्या पोटाची कातडी हळूच चिमटीत धरून सोडायची. लगेच सपाट झाली तर ठीक. सावकाश खाली गेली तर मूल सुकतंय. मीठ-साखर पाणी सुरू करा आणि दवाखाना गाठा. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर ही परीक्षा करू नका, तिथली कातडी वयानेच सैल झालेली असते. गळ्याच्या हाडाखाली छातीवर करा. जीभ कोरडी आहे का, लघवी किती वेळा झाली, तेही बघा.

सूज बघायची ती नडगीवर आणि घोट्यापाशी. अंगठ्याने पाच सेकंद दाबून धरा आणि उचला. मऊ कणकेवर उठावा तसा खळगा राहिला तर अंगात पाणी साठतंय. हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्त कमी असणं, कारणं पुष्कळ आहेत. गरोदर बाईच्या पायांवर संध्याकाळी थोडी सूज येते. पण चेहरा आणि हात सुजले, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. त्यात आई आणि बाळ दोघांचा जीव धोक्यात येतो. "पहिलटकरणीला असं होतंच" हे वाक्य अशा वेळी कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पडून पडून होणाऱ्या जखमा

आता आमच्या घराघरातला प्रश्न. अंथरुणावर पडलेल्या माणसाला जखम होते ती बाहेरून लागून नाही. वरून हाड दाबतं, खालून गादी दाबते, मधल्या मासाला रक्त मिळत नाही आणि ते आतून मरतं. आपल्याला वर दिसेपर्यंत आत पोकळ झालेली असते.

म्हणून रोज अंग पुसताना या जागा बोटावर मोजून बघायच्या. डोक्याची मागची बाजू, कान, खांद्यामागची पसरट हाडं, कोपरं, माकडहाड, दोन्ही खुबे, गुडघ्यांच्या आतल्या बाजू, घोटे आणि टाचा. टाच तर सगळे विसरतात, कारण ती चादरीत असते.

लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरट होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ गेलेली नाही, लगेच कूस बदला. दाबूनही रंग बदललाच नाही तर जखमेची सुरुवात झाली. सावळ्या अंगावर लाली दिसणार नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळसर किंवा जांभळट रंग, जास्त गरम किंवा जास्त गार लागणं, कडक किंवा पिचपिचीत लागणं, हात लावला की दुखणं, या खुणा बघायच्या.

उपाय काय? दर दोन तासांनी कूस बदलायची. सिस्टरांनी हे सांगितलं तेव्हा आमच्यातली एक जण पटकन म्हणाली, "रात्री दोन तासांनी उठायचं, पहाटे पाणी भरायचं आणि दिवसा कापूस वेचायचा, तुम्ही येता का?" सगळ्या हसल्या, पण बोलणं खरं होतं. सिस्टरसुद्धा गप्प झाल्या. मग त्यावर तासभर चर्चा झाली. ठरलं असं, की हे एकट्या सुनेचं काम नाही. आता तिच्या घरी भिंतीवर कोळशाने तीन खुणा काढल्यात, डावी कूस, पाठ, उजवी कूस. जो कूस बदलेल त्याने पुढच्या खुणेवर खडा ठेवायचा. सकाळचं वळवणं नातवाकडे, शाळेत जाण्याआधी. संध्याकाळचं मुलाकडे, आल्या आल्या. रात्री झोपण्याआधी तो, मध्यरात्री ती. "आईला वळवायला बाईच कशाला लागते?" हा प्रश्न तिने नवऱ्याला बैठकीनंतर विचारला. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी खडा हलला.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. गोधडीची वळी पडू देऊ नका, अंथरुणात भाकरीचा चुरा राहू देऊ नका. लघवीने ओलं झालं की लगेच बदला, पुसून कोरडं करा. पोटरीखाली उशी ठेवा म्हणजे टाच अधांतरी राहते. लाल झालेली हाडाची जागा चोळू नका, चोळून आतलं मास आणखी मरतं. मधे भोक असलेली रबराची गोल उशी वापरू नका, तिच्या कडेने रक्त आणखी अडतं. पावडरीचे थर देऊ नका. सरकवताना ओढू नका, दोघींनी चादरीसकट उचला. आणि खायला डाळ, अंडं, दूध, मटकी द्या, कारण नवं मास अन्नातूनच येतं. जखम उघडी पडली, वास आला, काळी पडली तर हळद-चुना भरत बसू नका. सिस्टरांना बोलवा.

साखरेच्या आजारात पायाची संवेदना जाते. काटा टोचला तरी कळत नाही. अशा माणसाचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज बघायच्या. घट्टा पडला तर ब्लेडने कापायचा नाही. घरातही चप्पल घालायची.

अंगावर आणखी एका प्रकारच्या खुणा असतात. दंडावर बोटांचे वळ, पाठीवर काही जुने पिवळट आणि काही ताजे निळे डाग. म्हातारी म्हणते "पडले", सून म्हणते "दार लागलं". एकदा दार लागतं, दर आठवड्याला लागत नाही. अशा वेळी चारचौघांत विचारू नका, एकटीला गाठून विचारा. बायकांसाठी १८१ आणि म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७ हे मदतीचे नंबर आहेत. ते तोंडपाठ असू द्या.

केस

दिवसाला ५० ते १०० केस गळणं हे रोजचंच. बाळंतपणानंतर किंवा टायफॉइड, डेंग्यूसारख्या मोठ्या तापानंतर साधारण तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. घाबरू नका. बहुतेकींचे परत येतात. महागडं तेल घेऊन गटाचं कर्ज वाढवू नका, जेवण सुधारा, रक्त तपासून घ्या.

लहान मुलाचे केस विरळ, भुरे-तांबूस झाले, ओढले की सहज हातात येतात, आणि पाय सुजलेत, तर ते मूल कुपोषित आहे. सुजेमुळे ते गुटगुटीत वाटतं, फसू नका. अंगणवाडीताईंना त्याच दिवशी सांगा. डोक्यावर पैशाएवढी गुळगुळीत जागा पडली तर ती चाई. जागा खवलेदार असून केस तुटलेले असतील तर तो मुलांचा नायटा, त्याला पोटातून औषध लागतं. नुसतं मलम पुरत नाही. केसाला चिकटलेला पांढरा कण झटकून निघाला तर कोंडा, निघालाच नाही तर लीख.

आता जरा नाजूक विषय. आजारात, बाळंतपणात महिना-दोन महिने फणी फिरली नाही की केस एकमेकांत गुंततात, मळ-घाम-तेल बसतं आणि जट होते. आपल्याकडे लगेच "देवी आली" म्हणतात. मग ती बाई ते ओझं जन्मभर डोक्यावर वागवते. मान दुखते, आत उवा होतात, जखमा होतात. जट म्हणजे न विंचरलेले केस, एवढंच. नवी असेल तर भरपूर तेल लावून टोकाकडून बोटांनी सोडवत यायचं. जुनी असेल तर कापायची. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा किती तरी बायकांची जटेतून सुटका केली आहे. श्रद्धा मनात राहते, ती केसांच्या गाठीत नसते. आजारी बाईचे केस रोज विंचरा, सैल वेणी घाला आणि विंचरताना डोक्याची मागची बाजू बघा.

नखं

बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे पुरं नवं नख यायला सहाएक महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. म्हणून नखावर गेल्या काही महिन्यांची हकिकत असते. मोठा आजार होऊन गेला की सगळ्या नखांवर एकाच रेषेत आडवी खाच दिसते आणि ती हळूहळू पुढे सरकते.

नखं बघण्याआधी नेलपॉलिश पुसा. मेंदीने रंग झाकला असेल तर ओठ-पापणीवर भरवसा ठेवा. नख दाबा, पांढरं होईल. सोडा आणि सावकाश "विठ्ठल, विठ्ठल" म्हणा. तेवढ्यात, म्हणजे दोनेक सेकंदांत, गुलाबी व्हायला हवं. हात गार असेल तर आधी ऊब द्या. ऊब देऊनही उशीर लागला आणि माणूस मलूल असेल तर रक्त नीट फिरत नाही, लगेच न्या.

नख मधे खोलगट होऊन चमच्यासारखं झालं, पाण्याचा थेंब त्यावर थांबला, तर लोह कमी असण्याची खूण. आमच्या एका गटात हे शिकल्यावर बायकांनी एकमेकींची नखं बघितली. एकीची तशी निघाली. ती म्हणाली, "माझी तर कामानं अशी झालीत." तपासलं तर हिमोग्लोबिन ७ च्या आसपास. जिना चढताना धाप लागते ती वयाने, असं तिने ठरवून टाकलं होतं. वय चौतीस. तिला तालुक्याला पाठवलं, उपचार सुरू झाले. उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. लिंबू-आवळ्याबरोबर घ्या, चहाबरोबर घेऊ नका. शौचाला काळी होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

दुसरी परीक्षा. दोन्ही हातांची तीच बोटं घ्या आणि नखाला नख चिकटवा. मुळाशी शंकरपाळीच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. फट दिसली नाही आणि बोटांची टोकं फुगीर असतील तर फुफ्फुसाचा किंवा हृदयाचा जुना आजार असू शकतो. दम, खोकला, विडी, वर्षानुवर्षं चुलीचा धूर असलेल्या माणसाचं हे जरूर बघा.

नखं सरळ कापा, कोपऱ्यात खोल जाऊ नका. सतत भांडी-धुण्यात हात असणाऱ्या आपल्यालाच नखुरडं होतं. हात कोरडे ठेवा, पू झाला तर दाखवा.

डाग

आता आमच्यातल्या एका बाईची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, वाडीही सांगणार नाही. सांगायला तिने परवानगी दिली आहे.

ती भर वैशाखातही लांब बाह्यांचा ब्लाऊज घालायची. सिस्टर कापसाच्या वातीने संवेदना कशी बघायची ते शिकवत होत्या. डोळे मिटायचे, वात हलकेच टेकवायची, जिथे कळलं तिथे बोट ठेवायचं. सुई टोचायची नाही. बायका एकमेकींवर करून बघत होत्या, गुदगुल्या होत होत्या, हशा चालला होता. ती पाणी प्यायचं निमित्त करून उठून गेली. चार दिवसांनी रात्री आमच्यापैकी दोघींकडे आली. दंडावर फिकट डाग. दोन वर्षं त्यावर दुकानातून आणलेलं मलम चोळत होती. वात टेकवली, तिने बोट ठेवलंच नाही.

तिचं पहिलं वाक्य होतं, "घरी कळलं तर मला माहेरी धाडतील." दुसरं, "पोरीचं लग्न कसं होईल?"

आमच्यात वाद झाला. एक म्हणाली, घरी सांगायलाच हवं, लपवून औषध कसं चालेल? दुसरी म्हणाली, सांगायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं, आपण फक्त दवाखान्यात सोबत जाऊ. शेवटी दुसरीचं सगळ्यांना पटलं. दोघी तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या. तपासलं तर पाठीवरही डाग निघाले, पाचांहून जास्त. पाठ आपली आपल्याला दिसत नाही ना. कुष्ठरोगच होता.

याच आजाराला पूर्वी महारोग म्हणायचे आणि गावाबाहेर काढायचे. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, ते अशाच घराबाहेर काढलेल्या माणसांसाठी. पण हा शाप नाही, पाप नाही. एका जंतूने होणारा आजार आहे. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी तो जंतू शोधला. आज यावर बहुविध औषधोपचार आहे, सरकारी दवाखान्यात फुकट. डाग पाचांपर्यंत असतील तर ६ महिने, जास्त असतील तर १२ महिने. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तो माणूस इतरांना लागण देत नाही. ताट वेगळं नको, अंथरूण वेगळं नको. घरच्यांची तपासणी करतात आणि त्यांना प्रतिबंधासाठी औषधाचा एक डोस देतात.

आणि मैत्रिणींनो, कुष्ठरोग हे कारण देऊन पूर्वी घटस्फोट मागता यायचा. २०१९ साली कायदा बदलला आणि ते कारण काढून टाकलं. हे तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी रडली.

पंधरा दिवसांनी तिने सिस्टरांसमोर नवऱ्याला स्वतः सांगितलं. तो त्या दिवशी काही बोलला नाही. पुढच्या महिन्याचं गोळ्यांचं पाकीट मात्र तोच घेऊन आला. त्यातल्या एका गोळीने कातडी तांबूस-काळी पडते, औषध संपल्यावर काही महिन्यांत तो रंग उतरतो. बायका विचारायच्या, "एवढी काळवंडलीस कशानं?" तिला गोळ्या सोडाव्याशा वाटल्या. सोडल्या नाहीत. बारा महिने पूर्ण केले. आजार गेला. पण उशीर झाला होता, डाव्या हाताच्या दोन बोटांची संवेदना परत आली नाही. चुलीवरचं भांडं उतरताना ती आता फडकं आणि सांडशी दोन्ही घेते, कारण भाजलं तर तिला कळत नाही. दोन वर्षं मलम चोळण्यात गेली, त्याची ही किंमत.

म्हणून सांगतो, प्रत्येक डाग कुष्ठरोग नसतो. पांढरंशुभ्र कोड असेल तर संवेदना नीट असते आणि ते संसर्गजन्य नाही. पाठी-छातीवरची शिबं बुरशीने होतात. कपाळावर टिकली लावतो तिथे पांढरं पडलं तर टिकलीचा गोंद कारण असू शकतो, टिकली बंद करून दाखवा. पण फिकट किंवा तांबूस डागावर संवेदना कमी असेल, भुवयांचे केस गळत असतील, कानाच्या पाळ्या जाड झाल्या असतील, हातापायाला मुंग्या-बधिरपणा असेल, तर दाखवायचंच. गजकर्ण असो, वांग असो, खाज असो, दुकानातून विचारून आणलेली मलमं लावू नका. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग गजकर्ण सगळ्या अंगभर पसरतं आणि चेहऱ्याची कातडी पातळ होते. रात्री सगळ्यांना खाज सुटत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या असतील तर ती खरूज. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं.

आणि आपलं अंग?

आम्ही दुसऱ्याच्या अंगाबद्दल एवढं बोललो. आपलं कोण बघणार? परकराची नाडी रोज एकाच जागी आवळून बांधतो, तिथे काळं पडतं, खाजतं, सोलतं. आपण म्हणतो, बाईमाणसाला असतंच. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन म्हाताऱ्या बायकांची माहिती प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षं कमरेला घट्ट आवळून बांधलेल्या जागी झालेली जखम भरली नाही आणि तिथे कर्करोग झाला. असं क्वचित होतं, पण होतं. नाडी रुंद पट्टीची करा, सैल बांधा, रोज थोडी वर-खाली बांधा. कुठलीही जखम महिनाभर भरत नसेल तर दाखवा.

आमच्या गटांनी दोन नियम केलेत. पहिला, महिन्याच्या बैठकीत हिशेब झाला की जोडी-जोडीने आत जाऊन एकमेकींची पाठ, पापण्या, नखं आणि तळपाय बघायचे. दहा मिनिटं लागतात. दुसरा, तिथे दिसलेलं आणि कळलेलं गटाबाहेर जायचं नाही. दुसरा नियम मोडला तर पहिला चालणारच नाही.

या आठवड्यात तुम्ही एवढं करा. घरातल्या आजाऱ्याला अंघोळ घालताना किंवा अंग पुसताना डोक्यापासून सुरुवात करून टाचेपर्यंत एकदा नीट बघा. काही वेगळं दिसलं तर कुठे दिसलं, किती मोठं होतं, कधीपासून आहे, हे लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर नातीला सांगा, ती वहीत माणसाचं चित्र काढून त्यावर खूण करेल. ती वही घेऊन आशाताईंकडे किंवा सिस्टरांकडे जा. आणि एखादी बाई उन्हाळ्यात लांब बाह्या घालत असेल तर तिला चारचौघींत विचारू नका. तिच्याबरोबर पाण्याला जा आणि वाटेत विचारा.